कपारीतले एकसष्ट

"बालाघाटच्या या डोंगरात मानवाने दहा हजार वर्षांपूर्वी आपली पहिली हजेरी लावली असून तिचे रक्षण करणे हे समस्त मानवजातीचे आद्य कर्तव्य आहे."

हे वाक्य माझं नाही. रांजणदरा शिळाचित्र संरक्षण सहकारी संस्था मर्यादित, तालुका आष्टी, या संस्थेच्या पहिल्या सभेत चेअरमन सुंदरराव ते बोलले आणि सचिव या नात्याने मी ते प्रोसिडिंग बुकात उतरवून घेतलं. समस्त मानवजातीतर्फे सभेला अकरा जण हजर होते. त्यातले तिघं मिलो ज्वारी वाटणार आहेत असं ऐकून आलते. एक जण चावडीच्या सावलीला सकाळपासून झोपलेला होता. उरलेले सात म्हणजे आम्ही, कार्यकारी मंडळ. ठरावाला अनुमोदक म्हणून झोपलेल्याचा अंगठा घेतला. तो जागा झाला नाही.

साल बहात्तर-त्र्याहत्तरचं. पाऊस नावाची गोष्ट लोक आठवणीतून सांगायचे, मेलेल्या पाहुण्याबद्दल सांगावं तशी. विहिरींच्या तळाला माणसं उतरून वाटीने पाणी भरायची. गावाला लागून दुष्काळी काम निघालं होतं, खडी फोडायचं. सोसायटीचा गटसचिव मीच, आणि गावात लिहिता हात एकच असल्यामुळे मस्टरही माझ्याकडेच. सकाळी नावं पुकारायची, 'ह' किंवा 'ग' लिहायचं. हजर, गैरहजर. दुपारी धोंडीराम सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाणं, वाटायचा. ती घ्यायला गैरहजर माणसंसुद्धा हजर असायची.

खडी फोडत फोडत काम डोंगराच्या अंगाला गेलं आणि एके दिवशी थांबलं. समोर एक लांबट कपार होती. बायांनी हातोडे खाली ठेवले. ओव्हरसियरने विचारलं, काय झालं. बाया म्हणाल्या, "हितं मानसं हायती." ओव्हरसियरने आत पाहिलं. कोणी नव्हतं. फक्त भिंतीवर गेरूने काढलेल्या आकृत्या होत्या, वीतभर उंचीच्या. हात लोंबते, पाय चालते, तोंडं सगळ्यांची एकाच बाजूला, घाटाखाली जाणाऱ्या वाटेकडे.

त्याच सुमारास पुण्याचे एक संशोधक साहेब नदीच्या पात्रात दगडी हत्यारं हुडकत फिरत होते. नदीत पाणी नसल्याचा आनंद झालेला तालुक्यातला तो एकमेव माणूस. त्यांनी कपार पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि जमिनीवर बसले. मग म्हणाले, "काही हजार वर्षं." सुंदररावांनी गावात येईपर्यंत त्याचे दहा हजार केले.

सुंदररावांचं एक तत्त्व होतं. ज्याची सहकारी संस्था नाही ती गोष्ट जगात नाही. दूध होतं, कारण दूध संघ होता. ऊस होता, कारण कारखाना होता. पाऊस नव्हता, कारण त्याची संस्था कोणी काढली नव्हती. आठ दिवसांत आमची संस्था उभी राहिली. पुढच्या आठ दिवसांत कपारीपुढे काटेरी तार, लोखंडी फाटक, कुलूप आणि पाटी: 'चित्रांना हात लावू नये. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा, ते रंग संपल्यामुळे लिहायचं राहिलं. किल्ली माझ्या करगोट्याला.

साहेबांनी आठवडाभर चित्रांची नोंद केली. पारदर्शक कागद भिंतीला लावून प्रत्येक आकृती पेन्सिलने उतरवायची, तिला नंबर द्यायचा, माप घ्यायचं. टेपचं एक टोक मी धरायचो, एक धोंडीराम. चित्रांच्या पाच ओळी होत्या. वरची ओळ इतकी फिकी की ऊन कलल्यावरच दिसायची. खालची सात चित्रं ठसठशीत. साहेब म्हणाले, खालच्या भागाला वाऱ्याचा मार लागत नाही, म्हणून रंग टिकला. ऐकायला बरं वाटलं. एकूण भरली एकसष्ट.

पाण्याची घागर घेऊन यायची ती छबुबाई. साठीची बाई, वाळून खारीक झालेली. ती तारेच्या बाहेर उभी राहून आमचं काम बघायची, जशी एखादी बाई आपल्या घराची झडती बघते.

साहेबांनी तिला विचारलं, "आजी, ही चित्रं कोणी काढली?"

"काढनाऱ्यांनी."

"कधी?"

"जायच्या आदल्या दिशी."

साहेबांनी वहीत लिहिलं: उत्तर संदिग्ध.

ते पुण्याला गेले. यादी तयार करून त्यांनी वर पाठवली आणि मोठे पाहुणे घेऊन ज्येष्ठाच्या सुरुवातीला परत येतो असं कळवलं. त्या दिवशी छबुबाईने मला गाठलं.

"भाऊसाहेब, कुलूप कवा काढनार?"

"कावून? कशाला?" मी विचारलं. मी मूळचा आष्टीचा, तिथल्याच तोंडाने बोलायचो.

मग तिने सांगितलं. रांजणदऱ्याचं माणूस गाव सोडून कामाला निघालं, की आदल्या दिवशी घरातल्या बाईने त्याला कपारीत काढायचं. बाभळीच्या डिंकात गेरू कालवून. माणूस परत आलं, की उंबऱ्याला पाय लावायच्या आधी कपारीत जायचं आणि ज्यानं वाट बघितली त्यानं ओल्या फडक्यानं ते चित्र पुसायचं. पुसलं की माणूस आलं. न्हाई पुसलं, तर न्हाई आलं.

"मग ही जुनी?"

"ती आली न्हाईत." ती साधेपणाने म्हणाली. "खालनं दुसऱ्या वळीतली ती डोईवर वज्जं घेतलेली माज्या आज्याची भैन. मोगलाईत गेलती. वरल्यांची नावं आता इसरली. दुर्गादेवीच्या दुष्काळात गेल्याली, म्हनत्यात. त्यायची वाट बघनारं बी कुनी राहिलं न्हाई. पर ती यायची हायत अजून."

माझ्या पाठीवरून काहीतरी चालत गेलं. मुंगी असावी. दुष्काळात मुंग्या लई झाल्या होत्या.

"आन खालची सात?"

"ती औंदाची. दसऱ्याला ऊसतोडीला गेल्याली. तीन कोयती, म्हंजे तीन जोडपी, आन मुंजाजी गाडीवान. त्यात माजी शिवकन्या आन जावई म्हाळू." तिने कपारीकडे बोट केलं. "पयलं साल पान्यानं निघतंय, भाऊसाहेब. मिरगाचं पानी एकदा दगडाला लागलं की दगूड रंग पितो. मग निघत न्हाई."

मी तेव्हाच साहेबांना पत्र लिहायला पाहिजे होतं, की तुमच्या दहा हजार वर्षांपैकी सात नग मागच्या दसऱ्याचे आहेत. पण यादी वर गेलेली होती. ठराव मंजूर होता. सहकारात मंजूर ठरावापुढे सत्याला मताचा अधिकार नसतो. मी म्हणालो, बघू.

चैत्र सरता सरता ती सात जणं आली. नगरकडच्या कारखान्यावरून, गाडीत पाचट, वर भांडी, आणि शिवकन्येच्या कडेवर दोन महिन्यांचं पोर. ते उसाच्या फडातच झालेलं. गाडी गावात न जाता तडक कपारीकडे वळली. छबुबाई ओलं फडकं घेऊन सकाळपासून फाटकाशी उभी होती. मला बोलावणं आलं. मी सुंदररावांकडे गेलो.

सुंदरराव दाढी करत होते. "एकसष्ट म्हंजे एकसष्ट, रामहरी. पाहुने यादी घेऊन येत्याल आन मोजत्याल. सात कमी निघाली तर संस्थेनं दहा हजार वर्षांचा वारसा पुसून खाल्ला म्हनतील. तुजी नोकरी जाईल आन माजं तिकीट."

"पन ती मानसं आलीत. त्यायला घरात जायचंय."

"मग जावा म्हनाव. उंबऱ्यावर काय मी तार लावली का बे?"

दोन दिवस ती सात जणं फाटकाशी बसली. तिसऱ्या दिवशी ऊन आणि तहान यांनी रीत मोडली. ती घरात गेली. चौथ्या दिवशी दुष्काळी कामावर आली.

आता जे सांगतो ते मस्टर कारकून म्हणून सांगतो. कल्पनाशक्ती असलेल्या माणसाला मस्टर देत नाहीत.

सकाळी मी पुकारलं, "शिवकन्या म्हाळू." ती समोरच उभी होती, हिरवं लुगडं, हातात हातोडा. "हाय," म्हणाली. मी 'ह' लिहिला. संध्याकाळी बेरीज करताना पाहिलं, तर तिच्यापुढे 'ग'. माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत. म्हाळूपुढे 'ग'. मुंजाजीपुढे 'ग'. सातही जणांपुढे. मी खोडून 'ह' केले. दुसऱ्या दिवशी पुकारताना एकेकाच्या तोंडाकडे बघून अक्षर लिहिलं, मोठं, ठळक. संध्याकाळी परत 'ग'. तिसऱ्या दिवशी तर मी नावं पुकारली, मस्टर मिटलं आणि ती सात जणं तिथंच उभी राहिली. मुंजाजी हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, आमची नावं?"

मी त्यांची नावं पुकारलीच नव्हती. यादीत होती. माझा डोळा त्यांच्यावरून सरळ पुढे गेला होता.

सुकडीच्या रांगेतही तसंच. धोंडीराम हा गावातला सर्वांत हावरट आणि म्हणून सर्वांत न्यायी वाढपी. प्रत्येकाचं तोंड बघून माप कमी करायचा. पण शिवकन्येचं ताट पुढे आलं, की तो डाव तिच्या मागच्या माणसाच्या ताटात रिकामा करायचा. मागचा माणूसही निवांत घ्यायचा. कोणी भांडायचं नाही. रांजणदऱ्यात सुकडीच्या रांगेत भांडण न होणं याच्याइतकी भीतीदायक गोष्ट मी त्या सालात पाहिली नाही. ती ताट घेऊन तशीच बाजूला व्हायची. मी माझ्यातलं द्यायला उठायचो आणि उठल्यावर कशाला उठलो ते विसरायचो.

आणि ते पोर. ते फडात जन्मलेलं, भिंतीवर नसलेलं, त्यामुळे सगळ्यांना व्यवस्थित दिसायचं. लोक त्याला घ्यायचे, खेळवायचे आणि म्हणायचे, "कुनाचं गं हे गोड?" आई तिथंच उभी असायची.

वैशाखाच्या शेवटी, भर दुपारी, छबुबाई सोसायटीच्या खोलीत आली. पोर तिच्या खांद्यावर होतं. ती दारातच बसली. मी स्टूल दिलं, तिने घेतलं नाही.

"तीन दिस झाले, अंगावर पीत न्हाई," ती म्हणाली. "शिवकन्या पाजायला घेती, तर पोर तिच्या खांद्यावरनं पल्याड बघतंय. आई कुठं गेली, असं. कालपसनं तिला बी तसंच वाटाया लागलंय. मला म्हनली, आये, मी आले नव्हं गं? मी म्हनलं, आलीस. पर भाऊसाहेब, म्हनताना मला तिचं तोंड आठवावं लागलं. समोर हुती, आन आठवावं लागलं."

पोराने माझ्याकडे बघितलं. भुकेला तान्हा माणूस फार सरळ बघतो.

"मिरगाला आठ दिस हायत. किल्ली द्या."

"छबुबाई, एकसष्ट भरली पाहिजेत. पाहुने परवा येनार."

"तुमाला एकसष्टच पायजेत ना? आकडाच पायजे?"

"आकडाच."

"मग मी सात पुसते आन सात काढते. तुमी सात मानसं द्या."

"कसली मानसं?"

"असंच रिकामं चित्तर काढता येत न्हाई. कुनाचं तरी काढावं लागतंय. नाव घेऊन." ती माझ्या टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. "गावातली सात नावं सांगा. जी न्हाईशी झाली तर गावाचं काय अडत न्हाई अशी."

मी प्रामाणिकपणे विचार केला. मग रजिस्टर उघडलं आणि कार्यकारी मंडळाची यादी समोर घेतली. चेअरमन सुंदरराव. व्हाइस चेअरमन पंडितराव. संचालक चार. वाचता वाचता सातवं नाव आलं: सचिव, रामहरी. मी थांबलो. दुसरं कोणतं घालावं म्हणून आठवून बघितलं. गावातल्या प्रत्येक माणसाचं कोणीतरी वाट बघणारं निघत होतं. माझी बायको तेव्हा नव्हती, आईबाप गेलेले, बदलीची नोकरी. कोरम पूर्ण झाला.

आम्ही दुपारच्या सुट्टीत गेलो, सगळे सुकडीला असताना. मी कुलूप काढलं. फाटक किंचाळलं; संस्थेने त्याला तेल मंजूर केलं नव्हतं. छबुबाईने डिंकात कालवलेला गेरू करवंटीत आणला होता आणि पदर घागरीत बुडवून घेतला होता. ती एकेका चित्रापुढे उभी राहायची, नाव घ्यायची आणि म्हणायची, "आलास. ये." आणि पुसायची. सहा जणांच्या घरच्यांनी वाट बघण्याचा अधिकार तिच्याकडे तोंडी दिला होता. सातवं शिवकन्येचं. डोईवर मोळी घेतलेली बाई. तिथं ती नुसता ओला पदर भिंतीला लावून उभी राहिली, पाणी खाली ओघळेपर्यंत.

खालून, सुकडीच्या रांगेतून, धोंडीरामचा आवाज वर आला. स्वच्छ, मोठा, नेहमीसारखा खेकसलेला.

"आगं शिवकन्ये, तू कवा आलीस? आन तान्हं लेकरू असताना उन्हात कावून उभी राहतीस? हो म्होरं."

महिनाभर ती त्याच रांगेत उभी होती.

पोर छबुबाईच्या पाठीवर झोळीत होतं. ते एकदम रडायला लागलं, खालच्या बाजूला अंग टाकत, आईकडे नेण्याची मागणी असते त्या सुरात. छबुबाई हसली. त्या वर्षात मी तिला एकदाच हसताना पाहिलं. मग तिने पोर माझ्या हातात दिलं, करवंटीत बोट बुडवलं आणि आमचं मंडळ काढायला घेतलं. सुंदररावांना फेटा दिला. पंडितरावांना पोट. माझ्यापाशी आल्यावर विचारलं, "तुमाला काय देऊ?"

मी उन्हाचा छत्री घेऊन फिरायचो.

"छत्री द्या," म्हणालो.

पाहुणे आले. मोजली. एकसष्ट. टाळ्या झाल्या. संशोधक साहेब मात्र सत्तावन्न नंबरपाशी बराच वेळ उभे राहिले. कागदावर मोळीवाली बाई होती, भिंतीवर छत्रीवाला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी विद्वान माणसाने करायचं ते केलं: कागद फाडला आणि दुसरा काढला. पुढे त्यांच्या अहवालात छापून आलं: "क्रमांक ५७: छत्रधारी पुरुष. बहुधा राजा अथवा देवता."

मृग त्या साली वेळेवर निघाला. दगड रंग प्याला.

नंतरचं थोडक्यात. सुंदररावांना तिकीट मिळालं, ते निवडून आले आणि मुंबईला गेले. गावात त्यांचा बंगला आहे. वर्षातून दोनदा येतात, सत्कार होतो, भाषण होतं. गाडी गेल्यावर लोक एकमेकांना विचारतात, "सुंदरराव येनार हुते ना? आले न्हाईत वाटतं." पंडितरावांनी माजलगावला जमीन घेतली, धरणाच्या पाण्यावर ऊस लई चांगला आहे, पण त्यांच्या घरी फोन केला तर घरचेच विचारतात, कोण पंडितराव. बाकी चौघांचं मला ठाऊक नाही. मला ठाऊक नाही यातच सगळं आलं.

माझी बदली त्याच दिवाळीत धर्मापुरीला झाली. लग्न झालं, मुलं झाली, निवृत्त झालो. तक्रार करण्यासारखं काही घडलं नाही. फक्त घरात ताटं वाढली की एक कमी पडतं. फोटोत मी नेहमी कोणाच्या तरी मागे निघतो. नातू माझ्याशी छान बोलतो, पण माझ्या खांद्यावरून थोडं पलीकडे बघून. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जातो. खिडकीतला पोरगा नाव पुकारतो, "रामहरी." मी म्हणतो, "हाय." तो इकडेतिकडे बघतो आणि काहीतरी लिहितो. एकच अक्षर. मस्टर कारकुनाला उलटंसुद्धा वाचता येतं.

मध्ये एकदा मी कपारीत जाऊन आलो. तार लोकांनी आपापल्या बांधाला नेली आहे. फाटक आणि कुलूप जागच्या जागी आहे, आणि आजूबाजूला सगळं मोकळं असूनही लोक फाटकापाशी येऊन परत जातात. रांजणदऱ्याची शिस्त. माझ्याकडे किल्ली होती, मी रीतसर आत गेलो. छबुबाई जाऊन बरीच वर्षं झाली. शिवकन्या आता आजी आहे, चांगली जाडजूड, दिसण्याची कसलीही अडचण नसलेली. तिने मला ओळखलं नाही. मी माझ्या हाताने सत्तावन्न नंबर पुसून पाहिला, ओल्या टॉवेलने, अर्धा तास. टॉवेल स्वच्छ राहिला. वरच्या ओळीतली ती फिकी माणसं, वाटेकडे तोंड करून, माझ्याबरोबर उभी होती. पहिल्यांदाच मला त्यांची तोंडं नीट दिसली. त्यांच्यापैकी एकाने मला जागा करून दिली असं वाटलं. रांगेत माणूस करतो तशी.

आपल्या हाताने निघत नाही. ज्यानं वाट बघितली त्याच्याच हाताने निघतं. मग कितीही वर्षांनी.

म्हणून एक किरकोळ विनंती आहे. आपल्यापैकी कोणाचं त्या बाजूला जाणं झालं, तर कपारीपाशी थोडा वेळ माझी वाट बघावी. फार नको, दहा मिनिटं पुरेत, आणि मनापासून नसली तरी चालेल. मग शेवटच्या ओळीतला छत्रीवाला ओल्या फडक्याने पुसावा. राजा किंवा देवता समजून कचरू नये.

पाणी मात्र आष्टीहूनच बाटलीत भरून न्यावं. वर अजून मिळत नाही.